तैलकाप्पूच्या दिवसांतली पत्रं

प्रतापचं ते पत्र आलं तेव्हा शाळेतून येऊन मी पायही धुतले नव्हते. उभ्याउभ्याच फोडलं. सैन्यात भरती होऊन त्याला तीनएक महिने झाले होते आणि तोवरची सगळी पत्रं जेवणाला नावं ठेवण्यात जात होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. या पत्रात जेवणाचं नाव नव्हतं. दोरावर चढण्यात तो पुन्हा नापास झाला होता, त्याला मागच्या तुकडीत टाकणार अशी बोलवा होती. रात्री झोप लागत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. आणि शेवटी, "आई, तू सीरियस आहेस म्हणून तार धाड. त्याशिवाय सोडत नाहीत. तार आली नाही तर मी असाच निघून येईन."

असाच निघून येणं म्हणजे काय, हे आमच्या गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पळून आलेल्या शिपायाच्या दारात पोलीस येतात, आणि पुढं जन्मभर ते कपाळावरचं पुसत नाही. तार मात्र सगळे धाडायचे. कुणाची आई, कुणाची आजी, भरतीच्या पहिल्या वर्षात तंजावुरातल्या किती बायका तारेत मरणाला टेकल्या असतील ते देवाला ठाऊक.

मी गणिताची शिक्षिका. डळमळीत उत्तर मला आवडत नाही. प्रतापनं सैन्यात जायचं म्हटलं तेव्हा घरातलं कुणी राजी नव्हतं. चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघत होते, शाळेतल्या बाकीच्या शिक्षिकांची मुलं कम्प्युटर शिकायला मद्रासला निघाली होती, आणि आमचा मुलगा बंदूक धरणार म्हणून सगळे मला हसले. मी हसू दिलं. पोराला मी ओळखून होते. पण त्या संध्याकाळी माझं उत्तर डळमळलं, हे खरं. यांची नोकरी ओरत्तनाडूच्या कचेरीत, तिथून बसनं यायला त्यांना उशीर व्हायचा. आले, पत्र वाचलं, आणि सदरा न काढताच म्हणाले, "तार धाडून टाक. लेकरू येऊं दे घरां. काय व्हाचं ते होऊं दे." मी म्हटलं, "उद्या देवीला विचारतें, मग बघूं."

आमच्याकडे अवघड प्रश्न देवीला फुलांनी विचारतात. पांढरं फूल एका पानात, तांबडं दुसऱ्यात, दोन्ही पुड्या बांधून देवीपुढं टाकायच्या आणि दुसऱ्या कुणाला तरी एक उचलायला सांगायची. मी पुड्या बांधून घेतल्या. पांढरं निघालं तर तार, तांबडं निघालं तर नाही. सकाळी टाउन बसनं पुन्नैनल्लूरला गेले. तिथली मारियम्मन वारुळाच्या मातीची आहे, त्यामुळे तिला पाण्याचा अभिषेक होत नाही. काही वर्षांनी एकदा मंडलभर, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, तिला सुगंधी तैलाचा लेप चढवतात, त्याला तैलकाप्पू म्हणतात. तेवढे दिवस मूर्ती दिसत नाही. समोर पांढरा पडदा असतो, त्यावर देवीचं चित्र रंगवलेलं, आणि पूजा त्या चित्राचीच. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण या वर्षी तैलकाप्पू सुरू झाल्याचं डोक्यातच नव्हतं. इतक्या घाईनं गेले आणि समोर कापड. मला रडूच आलं. त्याहून जास्त राग आला. नेमकं आजच हिला आत जाऊन बसायचं होतं.

शेजारी एक म्हातारी खेडूत बाई बसली होती. कावेरीकाठच्या कुठल्याशा गावची असावी, गुडघ्यापर्यंत चिखल सुकलेला. मी पुड्या पुढं केल्या आणि तमिळमध्ये म्हटलं, "आजी, यातली एक उचला." तिनं कशासाठी ते विचारलं. मी सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. तिनं पुड्यांकडे पाहिलंच नाही, पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आत्ता आत तेल मुरतंय, बाळा. आत्ता पडदा ओढलास तर तुला ती दिसेल, पण माती कच्ची राहील. तुला बोलायचंय ना? कापडाशी बोल. तिला ऐकू येतं." एवढं बोलून तिनं माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि गुडघ्यावर हात ठेवत उठून गेली. पुन्हा ती मला दिसली नाही. तिला कुणी पाठवलं, या वादात मी पडत नाही. मी दोन्ही पुड्या न उघडता देवीच्या पायरीवर ठेवल्या आणि तारघराऐवजी पोस्टात गेले. तिथंच उभी राहून पत्र लिहिलं. पहिली ओळ, तार येणार नाही. खाली पडद्याची सगळी हकीकत. आणि शेवटी, पडदा उघडेपर्यंत तू तिथं थांब, मी रोज लिहीन.

आमच्या पत्रांबद्दल एक सांगायला हवं. आमची घरं तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण वाचणारे थोडे. मला वडिलांनी देवनागरी शिकवली होती, तीही वापरावाचून गंजलेली. प्रतापला तर अजिबात येत नाही. म्हणून आम्ही मायलेक मराठीच लिहायचो, पण तमिळ अक्षरांत. वडील असेपर्यंत त्यावरून मला बोल लावायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं.

रोज लिहिलं. उत्तर नाही. पोर रुसलं की पळालं, काही कळेना. दारात बूट वाजले की यांचा चेहरा उतरायचा. माझाही उतरत असणार, पण मी कापडाशी बोलत राहिले. आमच्या कालव्यात शिरलेली म्हैस, शेजारणीच्या सांबाराचं बिघडलेलं आंबट, यांनी चुलीवर चढवलेला आणि विसरलेला भात, सगळं लिहिलं. बऱ्याच दिवसांनी कार्ड आलं. त्यात एवढंच होतं, "आई, पत्रं मोठी धाड. एका पानात भागत नाही." मी काही विचारलं नाही. पानं वाढवली.

वर्ष सरता सरता प्रशिक्षण संपलं आणि शपथेच्या कसम परेडला आम्ही दोघं गेलो. दोन दिवसांची गाडी. प्रतापच्या तुकडीत सगळी महाराष्ट्रातली पोरं. परेड सुटली आणि प्रतापच्या आधी तीच धावत आली, आठ-दहा तरी, आणि माझ्या पाया पडायला लागली. मी गोंधळले. एकानं यांना विचारलं, "बाबा, आता भात करपवत नाही ना?"

मग प्रतापनं सांगितलं. माझं ते पडद्याचं पहिलं पत्र उस्तादांच्या, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या हवालदारांच्या, हाती पडलं होतं. ती अक्षरं त्यांना वाचता येईनात. संशयानं ते म्हणाले, काय लिहिलंय ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. प्रतापनं तारेची ओळ गिळली आणि पुढचं वाचलं, आणि त्यातून निघाली मराठी. जुनी, आमच्या वळणाची. एक जण म्हणाला, माझी आजी असंच बोलते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं आपणहून जमली. त्यांतल्या कितीकांच्या आयांना लिहिता येत नव्हतं. पत्र वाचू शकणारा अख्ख्या बराकीत एकच, आणि तो पळाला तर म्हशीचं पुढं काय झालं ते कळणार कसं? त्याला दोरावर चढायला त्याच पोरांनी शिकवलं, रोज पहाटे. आम्ही मायलेक देवनागरीत लिहीत असतो तर उस्तादांनी स्वतः चाळून पत्र त्याच्या हातात दिलं असतं, आणि सगळं तिथंच संपलं असतं.

"पण आई," सांगलीकडचा एक उंच पोरगा म्हणाला, "पडदा उघडला त्या दिवसाचं पत्र आलंच नाही आम्हाला."

ते मी लिहिलं होतं. पोस्टात कुठंतरी राहिलं असणार. मग मी तिथंच लिंबाच्या सावलीत बसले आणि सांगितलं. पडदा सरला तेव्हा ती तेलानं काळीभोर दिसत होती, ओल्या मातीसारखी जिवंत. गर्दीत माझ्या पायावर कुणीतरी नारळ पाडला. आणि इतके दिवस जे मागत होते ते मागायचं मी विसरूनच गेले, नुसती बघत राहिले. पोरं भोवती बसून ऐकत होती. उस्तादही मागं उभे होते. प्रताप डोळे पुसत होता आणि मी त्याला पुसू दिले.

मी एका लेकराला वाचवायला निघाले होते, तेही माझ्या हिशेबानं, दोन पुड्यांत. माझ्या हातचं काम फक्त लिहायचं होतं. ते कुठं पोचवायचं ते तिनं पाहिलं, आणि माझी जी उणीव होती तीच तिनं कामाला लावली. त्या दिवसापासून मी तिला पुड्या टाकून विचारलेलं नाही.

पोरांच्या नेमणुका वेगवेगळ्या जागी झाल्या. निघताना प्रत्येकानं पत्ता दिला. आता वाचून दाखवायला प्रताप कुठं असणार होता? घरी आले आणि वडिलांची जुनी पाटी शोधून काढली. पन्नाशीला टेकलेली बाई रोज संध्याकाळी अ आ इ ई गिरवत बसलेली पाहून हे हसायचे. मी हसू दिलं. हे लिहिते आहे ते त्याच अक्षरांत.