लोदेच्या नावाचे वाडगे

लोदे थाई अक्षरं शिकला ती भांडी घासता घासता.

लाम्पांगजवळच्या त्या गावात विहाराच्या कोठीत चारशेच्या वर वाडगे आहेत. प्रत्येकाच्या पोटावर लाल कोंबडा आणि बुडाखाली, ज्याच्या स्मरणार्थ तो विहाराला दिला त्याचं नाव. गावात मयत झालं की कोठी उघडते, पाच दिवस सगळं गाव विहाराच्या आवारात जेवतं आणि खरकट्या वाडग्यांचे ढीग नळाजवळ येऊन पडतात. लोदे नऊ वर्षं त्या ढिगापाशी बसत आला. वाडगा उपडा करायचा, बुडाखालचं नाव बघायचं आणि शेजारच्या बाईला विचारायचं, "हे कोण?" गावातली जिवंत माणसं नीट ओळखू येण्याआधी त्याला मेलेली पाठ झाली.

खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा तो जेवायलाच गेला होता. बेल्जियममधलं सायकलींचं छोटं दुकान विकून तो इथे आला, तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. दुकानाचे सगळे पैसे बँकेत पडून होते. म्हाताऱ्या परदेशी माणसाला इथे राहायची परवानगी हवी, तर ते तसेच पडलेले दिसावे लागतात. त्यांना हात लावायची सोय नव्हती. राहायचं ते तुटपुंज्या पेन्शनवर. कागदावर बऱ्यापैकी श्रीमंत असलेला हा माणूस बाजार उठायच्या वेळी भाजी आणायचा, पंखा फक्त उन्हाळ्याचे तीन महिने लावायचा आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, एक बिअर प्यायचा.

सीओनताईंच्या घरामागची एक खोली त्याने भाड्याने घेतली होती. ताई सकाळी चिकट भात वाफवत, त्यातला एक गोळा केळीच्या पानात बांधून त्याच्या दारात ठेवत. तो ताईंच्या आणि शेजाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करायचा, पण काम करायची परवानगी नव्हती म्हणून पैसे घ्यायचा नाही. सायकल न्यायला आलेला माणूस मग वांगी, केळ्याची फणी, कधी चार अंडी पायरीवर विसरून जायचा.

"विसरलेल्या वस्तूला कायदा लागत नाही," सीओनताई म्हणायच्या.

मयताच्या स्वयंपाकाची सूत्रं बुआलाकडे होती. वयाने ती त्याच्याहून एका वर्षाने मोठी आणि जिभेने बरीच. पहिल्या वर्षी पाच दिवस पोटभर जेवून लोदे लाजेने भांड्यांना बसला, ते तिने पाहून ठेवलं होतं.

"गावात कुणी नुसतं खोकलं तरी हा बाह्या वर करतो," ती बायकांना सांगायची.

"तुझ्या हातचं खायचं तर कुणीतरी मरावंच लागतं," लोदे म्हणायचा. "घरी कधी बोलावलंस?"

गेल्या थंडीत शहरात एक डच माणूस वारला. व्हिसाच्या रांगेत लोदेची त्याच्याशी ओळख झालेली. नातेवाइकांचा शोध लागेना, म्हणून प्रेत दोन महिने शीतघरात राहिलं. शेवटी एका धर्मादाय संस्थेने दहन केलं. तिथे एक भिक्खू होता, गाडीचा चालक होता आणि लोदे होता. जेवण नव्हतं, त्यामुळे भांडीही नव्हती. लोदे हात बांधून थोडा वेळ उभा राहिला आणि सायकलवरून घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो गावचे मुखिया इन्ता यांच्याकडे गेला. गावात अंत्यविधीचं मंडळ होतं. कुणाच्याही घरी मयत झालं की घरटी थोडी वर्गणी आणि एक माणूस मदतीला, हा त्याचा नियम. ज्याचं घर मंडळात, त्याच्या चितेपर्यंतचं सगळं गाव बघायचं.

"मला मंडळात घ्या, मुखिया."

"एवढी काय घाई आहे, काका?"

"घाई नाही. ऐन वेळी सांगायला मी नसेन, म्हणून आत्ता सांगतो."

इन्ता हसले, पण वही उघडली नाही. "मंडळ घरागणिक आहे. घर ताईंचं, तुम्ही भाडेकरू. आणि तो जर्मन गावाच्या अजून लक्षात आहे."

लोदेच्या आधी इथे एक जर्मन राहायचा. गावाने त्याला मंडळात घेतलं होतं. एके दिवशी घर विकून तो निघून गेला, कुणाला काही न बोलता. गावाचं त्यात नुकसान काही झालं नव्हतं. निरोप घेतला नाही, हे लागलं होतं.

"परदेशी माणूस शेवटी आपल्या घरी जातो, काका. त्यात वाईट काही नाही."

लोदेने खिशातून बहिणीचं पत्र काढलं. शहरात जाऊन त्याचं भाषांतर आणि शिक्का करून आणला होता. तुझं जे व्हायचं ते तिथेच होऊ दे, मला विमानाचं भाडं परवडायचं नाही, असं तिने स्वच्छ लिहिलं होतं.

"बहीणही तुमच्यासारखीच काटकसरी दिसते," इन्ता म्हणाले. "सभेपुढे ठेवतो. आशा मात्र धरू नका."

वाडग्यांचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता. नऊ वर्षांत लोदेच्या साबणाच्या हातांतून तेवीस वाडगे फुटले होते आणि ते त्याच्या मनात राहिले होते. सात महिने रविवारची बिअर बंद ठेवून त्याने लाम्पांगच्या एका कारखान्यात दोन डझन सांगून ठेवले होते. चिठ्ठीवर गिऱ्हाईक म्हणून आपलं नाव लिहून दिलं आणि म्हणाला, "विहारासाठी आहेत."

खोकं आलं ते नेमकं सभेच्या दिवशी. विहाराच्या ओसरीवर माणसं जमत होती. बुआलाने विळीने दोरी कापली, पेंढ्यातून एक वाडगा काढला, सवयीने उपडा केला आणि तशीच थांबली.

"कधी गेलास रे?" तिने विचारलं.

लोदेने वाडगा हातात घेतला. आता त्याला सगळं वाचता येत होतं. ‘दिवंगत लोदे यांच्या स्मरणार्थ.’ त्याने दुसरा काढला, तिसरा काढला. चोवीसही वाडग्यांवर तेच. विहारासाठी आणि खाली एकच नाव, म्हटल्यावर रंगवणाऱ्याने नेहमीचा मजकूर घातला होता. मित्राच्या नावाने दान करत असेल बिचारा, असं त्याला वाटलं असणार.

लोदेचे कान लाल झाले. "परत नेतो. पुसून आणतो."

"भट्टीतून निघालेलं अक्षर पुसत नाही," सीओनताई म्हणाल्या.

"मग फोडून टाकू."

"तेवीस फोडलेस तेवढे पुरे झाले," बुआला म्हणाली.

सभेत आधी विहिरीचा पंप झाला, मग रस्त्याचा दिवा, मग लोदे. भातगिरणीचा मालक उठला. माणसाबद्दल काही नाही, म्हणाला, पण नियम तो नियम, आणि ही माणसं आज आहेत, उद्या नाहीत.

"हा जाणार कुठे?" बुआला जागेवरूनच म्हणाली. "चोवीस वाडग्यांवर मेलाय तो इथे. दुसऱ्या गावी जाऊन मेला तर आपली कोठी खोटी पडेल."

लोक हसले. गिरणीमालकही हसला, पण म्हणाला, "घराचं काय? नियम घराचा आहे."

लोदे खाली बघत होता. हसण्यावारी गेलेली गोष्ट तिथेच संपते, हे त्याला दुकानदारीतून ठाऊक होतं.

तेव्हा सीओनताई खांबाला धरून उठल्या. "मुखिया, वही काढा. गेल्या नऊ वर्षांत माझ्या घरचं कुणी मयताला आलं नाही, असा एक दिवस दाखवा."

इन्तांनी वही काढली. मागे मागे पानं उलटत गेले. सीओनच्या घरापुढे दर मयताला एकाची हजेरी होती.

"माझे गुडघे दहा वर्षांपूर्वी गेले," ताई म्हणाल्या. "मग कोण येत होतं? तुम्ही कुणी विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. तुम्हीच त्याला माझ्या घरचा धरत आलात."

इन्तांनी गिरणीमालकाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि चहाचा पेला उचलला. इन्तांनी ताईंच्या नावाखाली एक ओळ लिहिली आणि पुढचा विषय घेतला.

महिन्याभराने न्हाव्याचे वडील गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बुआलाने लोदेपुढे वाडग्यांचा ढीग आणून आदळला.

"नीट घास. मेलेल्यांची भांडी आहेत."

लोदेने पाय आखडून घेतले आणि काथ्याला साबण लावला. शेजारी गिरणीवाल्याची नवी सून बसली होती. लग्न होऊन तिला पंधरवडाही झाला नव्हता. गावातले सगळे काका म्हणतात म्हणून तीही त्याला काका म्हणायची. तिने नवाकोरा दिसणारा एक वाडगा उपडा केला.

"काका, हे लोदे कोण हो?"

"सीओनताईंच्या घरचा," तो म्हणाला. "भांडी फार फोडायचा."

तिने मान डोलावली आणि वाडगा बाकीच्यांबरोबर उन्हात उपडा घातला.