रुमालावरचं कार्ड

"आत जाणाऱ्याने खूण बाहेर ठेवायची," असं म्हणत आमच्या शेजारचे काका खिशातून चौकड्यांचा रुमाल काढून झटकायचे.

ते सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर, केमिकल कारखान्यांत सेफ्टीचं काम करत. तिथे टाकीत उतरणारा माणूस आपला पास बाहेरच्या फळीवर लावतो आणि वर आला की काढून घेतो. फळीवर पास आहे म्हणजे माणूस आत आहे. काकांनी हा नियम घरापर्यंत आणला होता. मॉलच्या टॉयलेटला जातानाही मेट्रोचं MRT कार्ड माझ्या हातात देऊन जायचे. असा एखादा शेजारी तुमच्याही ब्लॉकमध्ये असेल.

रोमन किल्ल्यांचे अवशेष पाहायचं त्यांना भारी वेड. पण युरोपला जाणं होईना. मग एका रविवारी बुकित पंजांग या आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळींना घेऊन ते इथलाच इंग्रजांचा पडका किल्ला पाहायला निघाले. दुधाची तहान ताकावर, म्हणून मी त्यांना चिडवलंही.

टेकडीत दारूगोळा ठेवायचा बोगदा होता. काकांनी बोगद्याच्या तोंडाशी जमिनीवर रुमाल पसरला. आम्ही थट्टा करत कार्डं ठेवली, आत हिंडलो, घामाघूम होऊन बाहेर आलो आणि आपापली कार्डं उचलून समुद्राकडे निघालो. रुमालावर एक उरलं. माझ्या बायकोचं, सुनीताचं.

विसरली असेल, पुढे गेलेल्या बायकांत असेल, असं मी म्हणालो. काकांनी बायकांना हाक मारली. ती त्यांच्यात नव्हती. बोगद्यातूनही ओ येईना. मी आत धावलो, तर काकांनी दंड धरून मागे ओढलं.

"तू इथेच थांबायचं. बाहेर कोणी नसलं, तर आतल्याला कोण शोधणार?"

स्वतःचं कार्ड तिच्या कार्डाशेजारी ठेवून ते टॉर्च घेऊन गेले. उजेड वळणावर नाहीसा झाला. मी त्या दोन कार्डांकडे बघत बसलो. इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो. देवधर्म न मानणारा मी, कुलदैवताला नवस बोलून बसलो.

शेवटी ते तिला धरून बाहेर आले. फोटो काढायला ती आडव्या वाटेला शिरली आणि घसरली. पाय मुरगळला, टॉर्च चिखलात गेला, ओरडून आवाज बसला. काकांनी तिला आधी कार्ड उचलायला लावलं, मग आपलं घेतलं आणि तिथेच मटकन बसले. लहानपणापासून अंधाराची भीती वाटते, असं त्यांनी तेव्हा सांगितलं.

पुढे त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. इथे त्यांचं दुसरं कोणी नव्हतं. थिएटरच्या दाराशी त्यांनी रुमालात गुंडाळलेलं कार्ड माझ्या हातात दिलं.

"भीती वाटतेय रे. बाहेर आहेस ना?"

"आहे, काका."

ते शुद्धीवर आलेच नाहीत.

त्यांचा भाऊ नाशिकहून येऊन सामान घेऊन गेला. रुमाल मात्र मी दिला नाही. आमच्या दाराजवळच्या कपाटावर तो पसरलेला असतो, त्यावर काकांचं कार्ड. सुनीता कडेकडेने धूळ पुसते. कार्ड उचलत नाही.