आधी पाठ दाखव

आमच्या धंद्यात कापड हातात आलं की कुणी आधी समोरून बघत नाही, उलटं करून बघतात. पुढची बाजू काय, कुणीही नटवतं. धागा कुठं सुटलाय, गाठ कुठं मारलीय, ते पाठीवर दिसतं. सोलापुरात नवी पेठेत ज्या दुकानात मी टॉवेल-चादरी विकते, तिथंही जाणतं गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा पाठ बघतं, आणि मग मीही भाव जरा जपूनच सांगते.

ही सवय मला वडिलांची. आमच्यात वडिलांना नाना म्हणतात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, भांडण मात्र मराठीत करतो, कारण ते गल्लीला कळायला पाहिजे. घराला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये नानांचे चार माग होते. ते चालू असले की कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून आम्हा दोघी बहिणींना ते धोट्यानं हाक मारायचे. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारं टोकदार लाकूड. ते खिडकीच्या गजावर आपटलं की आवाज सगळ्या खडखडाटाच्या वर यायचा. मला लागोपाठ ठोके. धाकटीला एक ठोका, मग जरा थांबून दोन. जेवायला बसायचं असो की धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या असोत, हाक तीच.

धाकटी आता बंगळूरला असते आणि कॉम्प्युटरवर गाणी करते. आवाज तिचाच, पण यंत्रातून गाळून काढलेला, खाली ढम ढम ठोका. पोरं त्यावर नाचतात. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण तिचं प्रत्येक गाणं मी ऐकते, कारण तिचा आवाज ऐकायला मला दुसरा रस्ता कुठं आहे? फोनवर ती घाईतच असते.

मध्यंतरी तिचा फोन आला. "अक्का, नवीन सिंगल काढलंय. त्याला बी-साइड पण हाय."

"ते काय असतं गं?"

"पूर्वी तबकडी असायची की. एका बाजूला चालणारं गाणं, उलट्या बाजूला दुसरं. आता तबकडी गेली, नाव राहिलं."

"मग उलट्या बाजूला काय घातलंस?"

ते सांगायचं सोडून ती म्हणाली, "नानांना ऐकव. ऐकले तर."

"तूच ये की ऐकवायला."

"नाना ये म्हणू देत. लगेच येते."

इथंच तर सगळं अडलं होतं. माग विकायचे ठरले, तेव्हा शेवटच्या दिवशी नानांनी चारी माग उगाचच चालू ठेवले होते. ऑर्डर नव्हती, काही नव्हतं. बंगळूरहून आलेली धाकटी फोन घेऊन शेडमध्ये फिरत होती, प्रत्येक मागाजवळ फोन धरून आवाज भरून घेत होती. नानांनी ते बघितलं आणि त्यांचं डोकं फिरलं. "घर मोडाया लागलंय आन् तू तमाशा भरून घेतीस व्हय? जा, तितंच जाऊन गोंगाट कर. हितं यायचं न्हाई." अख्खी हयात गोंगाटात काढलेला माणूस पोरीच्या गाण्याला गोंगाट म्हणाला. दुसऱ्या वेळी मी हसले असते. ती त्याच दुपारी पिशवी भरून गेली. दोघंही एका मुशीतले, कोण नमतंय? दिवाळ्या आल्या आणि गेल्या. आई आधीच गेलेली, त्यामुळं मधे बोलायला मी एकटीच, आणि माझं दोघंही ऐकत नाहीत.

त्या आठवड्यात दुकानात एक कॉलेजातली मुलगी चादर बघायला आली. तिचा फोन वाजला तो धाकटीच्या नव्या गाण्यानं. मी घडी उलगडता उलगडता थांबले. माझी बहीण आहे ती, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मग तिनं विचारलं असतं, घरी येते का? मी चादर उलटी करून दाखवली आणि रंग जात नाही म्हणून सांगितलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी शेजाऱ्यांचा स्पीकर मागून आणला. नानांना कमी ऐकू येतं, मागांनीच कान नेलेत. म्हटलं, "नाना, तिचं नवीन गाणं आलंय."

"मला न्हाई ऐकायचं."

"सगळं सोलापूर ऐकतंय."

"ऐकू दे की. सोलापूरला काय उद्योग हाय?"

मी तरी काय कमी आहे. स्पीकर उचलल्यासारखं केलं आणि म्हटलं, "बरं, राहू दे. गाण्याला पाठ पण आहे म्हणत होती. दुसरं गाणं, उलट्या बाजूचं."

नाना सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "पाठ हाय?"

"हाय की."

"मग आधी पाठ दाखव."

मी लावलं. सुरुवातीला एकच माग. नुसता माग, दुसरं काही नाही. मग दुसरा आला, मग अडखळत चालणारा. नाना मान न उचलता म्हणाले, "तिसरा हाय हा. ह्याचं कधी जमलंच न्हाई." चारी माग चालू झाल्यावर त्यांच्या खालून यंत्राचा खोल सूर वर यायला लागला, आणि त्यावर धाकटीचा आवाज. शब्द नव्हते. लहानपणी कांड्या भरताना ती गुणगुणायची तसं काहीतरी. नानांचा पाय जमिनीवर हलत होता. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं, मला रडू येत होतं.

मग एकेक माग बंद पडत गेला. तिसरा सगळ्यात शेवटी. वाटलं, संपलं. आणि गजावर धोटा वाजला. एक ठोका, मग थांबून दोन. पुन्हा एक, थांबून दोन. त्या शेवटच्या दिवशी नाना तिला जेवायला बोलावत होते, ते तिनं भरून घेतलं होतं. भांडण त्याच्या नंतरचं. गाणं तिथंच संपत होतं, हाक मारता मारता.

नाना उठले. माग भंगारात गेले तरी एक धोटा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलाय, खंडेनवमीला त्याची पूजा करतात. तो काढला, खिडकीपाशी गेले आणि मला म्हणाले, "फोन धर हितं." मी रेकॉर्डिंग चालू केलं. त्यांनी गजावर ठोका दिला, थांबले, मग दोन दिले. ठेका चुकला नाही. "धाड तिला," म्हणाले, आणि धोटा पुसून परत देवापाशी ठेवला.

मी पाठवलं. तिनं ऐकल्याची खूण आली. संध्याकाळ झाली, तरी उत्तर नाही. मी सारखा फोन बघत होते. शेवटी नानाच वैतागले. "ठोक्याला कुणी उत्तर देतं का गं? येत्यात. तांदूळ जास्त घे."

मी तिच्या वाटणीचे घेतले. तेव्हापासून रोज घेते. सकाळी तिच्या वाटणीचा उरलेला भात फोडणीला टाकते, आम्ही दोघं खातो, आणि मी दुकानात जाते.