हजेरीतलं नाव

कृपा हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची होते. वडिलांनी त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरली, की वरून कोणी काही टाकत नसतं, आपलं आपल्यालाच करावं लागतं. मी आजही तेच मानते. त्यामुळे त्या वर्षी वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, माझ्या घरावर जे ओढवलं आणि ज्यातून आम्ही बाहेर निघालो, त्याला काय म्हणावं हे मला अजून नीट सांगता येत नाही. घडलं तसं सांगते. वाचणाऱ्याने त्याला हवं ते नाव द्यावं.

दीक्षेला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. नंदनवनच्या पलीकडे आमची वस्ती, मातीच्या भिंती आणि वर कवेलूंचं छप्पर. वस्तीने घाम गाळून विटांचा छोटा विहार उभा केला होता. तिथे रोज संध्याकाळी कोणी ना कोणी शिक्षणाबद्दल बोलत असे. मी पुढे बसून मान डोलवायची आणि घरी येऊन विड्या वळायची. माझी आई विड्या वळायची, मीही आठव्या वर्षापासून वळत होते, आणि शाळेची पायरी काही चढले नव्हते. आमचे हे मिलमध्ये होते. कापसाच्या धुळीने त्यांची छाती धरली आणि ते घरी बसले. धम्माने मनाला शांती मिळते म्हणतात. मला तेव्हा शांतीपेक्षा तेंदूची बरी पानं मिळाली असती तर जास्त आनंद झाला असता.

माझी पुष्पा चौथीत होती. दहा वर्षांची पोर, पण तिची बोटं माझ्याहून चपळ. पान फर्म्यावर ठेवून कापायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायची, दोरा गुंडाळून टोक दाबायची, आणि तोवर माझी अर्धीच झालेली असायची. माल घेऊन जाणारा सट्टेदार एकदा तिच्याकडे बघून म्हणाला, ही पोरगी दिवसभर बसली तर तुमच्या घरची चूल दोन्ही वेळा पेटेल. मी दोन दिवस विचार केला आणि श्रावणात तिची शाळा बंद केली. ती रडली नाही. दप्तर खुंटीला अडकवलं आणि विड्यांचं सूप मांडीवर घेतलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

आठवड्याभराने शाळेच्या बाई घरी आल्या. त्या महाल भागातून पायी यायच्या, आमच्या वस्तीत चिखल तुडवत यायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दारात उभं राहून त्यांनी मला बराच वेळ समजावलं, की पोरगी हुशार आहे, निदान चौथी तरी होऊ द्या. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हटलं, तुमच्या घरी पगार येते बाई, आमच्या घरी विड्या जातात, तुम्ही तुमचं पाहा. बाई चिखलातून परत गेल्या. मागे वळून पाहिलं तर पुष्पा खाली मान घालून बसली होती, हातातली विडी अर्धीच वळलेली.

वस्तीत मात्र खरं सांगायची मला हिंमत झाली नाही. सगळे शिक्षणाच्या गोष्टी करणारे, त्यांच्यात मी आपल्या हाताने पोरीची शाळा सोडवलेली. म्हणून मी सांगत सुटले, की पुष्पाला रोज बारीक ताप येतो.

आता विहाराचं सांगते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं आणि ते एक दिवसही खंडू नये अशी रीत आहे. वाचायचे मेश्रामकाका. ते रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीच्या कामावर होते, रात्रीच्या शाळेत अक्षरं शिकलेले. माझ्याकडे सेवा होती ती झाडण्याची, मेणबत्त्या लावण्याची, ग्रंथ कापडातून काढून चौरंगावर ठेवण्याची आणि वाचन संपलं की पुन्हा गुंडाळण्याची. दरवर्षी पुढेच बसत असल्यामुळे बराचसा ग्रंथ मला पाठ झाला होता. काका चष्मा पुसायला थांबले की पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघून जायचं. बायका हसायच्या आणि मला ते आवडायचं, हे कबूल करते.

भादव्यात काकांना हिवतापाने धरलं. त्या संध्याकाळी वंदना झाली, पंचशील झालं, आणि सगळे चौरंगाकडे पाहत बसले. वाचता येणारे तरुण दुसऱ्या पाळीला गेलेले. भागाबाई म्हणून आमच्यात एक वयस्क बाई होत्या, त्या म्हणाल्या की पुष्पीला बोलवा, ती घडाघडा वाचते. पुष्पा घरी सकाळी द्यायच्या मालाच्या विड्या वळत बसली होती. खोटं बोलणार नाही असं चौथं शील म्हणून माझं तोंड मिटतं न मिटतं तोच मी म्हटलं, तिला आजही ताप आहे.

"मग तूच वाच ना वं," भागाबाई म्हणाल्या. "तुले तर सारंच येते."

मला येत नाही, असं तीन शब्दांत म्हणता आलं असतं. पण माझ्या अंगात ताठा फार. तीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. मी उठले, चौरंगामागे बसले, ग्रंथ जिथे उघडला तिथे उघडला आणि सुनीताची कथा म्हणायला लागले, कारण ती मला सर्वांत आवडायची. सुनीत हा रस्ता झाडणारा माणूस. भगवंत भिक्खूंसह समोरून येताना पाहून तो घाबरून भिंतीला चिकटून उभा राहतो, आपली सावली कोणावर पडू नये म्हणून. मी काकांसारखाच आवाज लावला होता, अधूनमधून पानही उलटत होते. लोक हात जोडून ऐकत होते. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

तेवढ्यात दारात पुष्पा उभी राहिली. मेणबत्त्या लावायला मी घरची आगपेटी घेऊन आले होते. रात्री तिच्या वडिलांची छाती शेकायला पाणी तापवायचं होतं आणि ती आगपेटी न्यायला आली होती. चांगली धडधाकट, हाताला तंबाखू लागलेला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती सरळ माझ्याजवळ आली आणि तिची नजर पानावर गेली. मी जे म्हणत होते त्यातलं त्या पानावर काहीच नव्हतं. माझा आवाज बंद झाला. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि उद्यापासून वस्तीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली, जणू पानं उलटायलाच आली होती. चार-पाच पानं पुढे गेली, दोन मागे आली. मग तिने माझं बोट धरून एका ओळीवर ठेवलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "इथून म्हण, माय."

मी म्हणत गेले आणि ती माझं बोट सरकवत गेली. एका ठिकाणी बोट पुढे जाईना. माझ्याकडून एक वाक्य सुटलं होतं. तिने ते हळूच सांगितलं, मी म्हटलं, तेव्हा बोट हललं. इतकी वर्षं मी ऐकत होते ते काकांच्या तोंडातलं आहे असं मला वाटायचं. ते इथे होतं. माझ्या बोटाखाली होतं, सगळंच्या सगळं, माझं चुकलेलंसुद्धा. मग माझ्या लक्षात आलं, की सुनीत म्हटलं की बोटाखाली दरवेळी अक्षरांचं तेच चित्र येतं. मी खाली पाहिलं. आणखी एक दिसलं. त्याच्या खाली पुन्हा एक. पुष्पाने बोट नेण्याच्या आधीच मी तिसऱ्या ओळीतल्या सुनीतावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी तीस वर्षांची बाई, लहान लेकरासारखी पुढचा सुनीत शोधत होते. कथेत भगवंत त्या माणसापाशी थांबतात, त्याला पुढे बोलावतात. मला त्या घटकेला खरंच वाटलं की कोणीतरी आपल्यापाशी थांबलं आहे. आजही लिहिताना अंगावर काटा येतो.

कथा संपली. सगळ्यांनी साधू साधू म्हटलं. भागाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "तुह्या पोरीचा ताप मोठा गुणी आहे वं," त्या म्हणाल्या. "वाचाले शिकवून राहिला."

लोक हसले. मला मात्र रडू फुटलं. तिथेच, मूर्तीसमोर, मी सगळं सांगून टाकलं. पोरगी आजारी नाही, मी तिची शाळा सोडवली, आणि मला वाचता येत नाही. कोणी मला बोल लावला नाही. तेही सहन होईना. भागाबाईंनी एवढंच म्हटलं, की सकाळी तिला घेऊन शाळेत जा, तुझी पानं मी कापून देईन. मी म्हटलं, इतके दिवस झाले, आता नाव कटलं असेल. शाळेचा नियम सगळ्यांना ठाऊक होता, सारखी गैरहजर राहिली की नाव काढतात.

सकाळी पुष्पाने दप्तर झटकलं. मी तिची वेणी घातली आणि आम्ही निघालो. ज्या बाईला मी दारातून घालवलं तिच्यासमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं, हाच विचार डोक्यात होता. वर्ग भरला होता, हजेरी सुरू होती. मी दाराबाहेरच थांबले. बाई एकेक नाव घेत होत्या, पोरं हजर हजर म्हणत होती. आणि मध्येच, बाकीच्या नावांसारखंच, न अडखळता, बाईंनी माझ्या पुष्पाचं नाव घेतलं.

मग पहिल्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, बाई, ती येत नाही, तुम्ही रोज रोज काहून नाव घेता. बाई वहीत लिहायला खाली वाकल्या. तेवढ्यात माझ्या शेजारून, दारातून, पुष्पा म्हणाली, "हजर."

बाईंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट दिसलं नाही, कारण माझे डोळे भरले होते. पुष्पा आपल्या जागेवर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत मी बाईंकडे गेले. त्यांनी मला हजेरीवही दाखवली. मला त्यातलं काही कळत नव्हतं म्हणून त्यांनीच वाचलं. पुष्पाच्या नावापुढे श्रावणापासून रोज एकच शब्द लिहिलेला होता, आजारी.

"आजारी पोरीचं नाव कटत नाही," त्या म्हणाल्या. "मी रोज घेऊन राहिली होती. नाव घेणं सोडलं की पोरगी खरंच जाते."

मी ताप म्हणून वस्तीत खोटं सांगत फिरत होते, आणि तेच खोटं या बाई तिकडे रोज लिहीत होत्या. माझ्या खोट्याने पोरीची वाट बंद होत होती, त्यांच्या खोट्याने ती उघडी राहिली. चौथ्या शिलाच्या हिशोबात हे कुठे बसतं ते मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. विड्या काही सुटल्या नाहीत, चांगली सहा वर्षं सुटल्या नाहीत. पण पुष्पा शाळेतून आल्यावरच सुपाला हात लावायची आणि वळता वळता मला अक्षरं सांगायची. भागाबाई शब्दाला जागल्या, जमेल तशी पानं कापून देत राहिल्या. आमचे हे पुष्पाची सातवी पाहून गेले. मी बाहेरून चौथी दिली, मग सातवी. वस्तीत बालवाडी निघाली तेव्हा झाडलोट करणारी आणि पोरांना गोष्टी सांगणारी बाई हवी होती, ती दोन्ही कामं मला येत होती. पुढे तिथेच शिकवू लागले. पुष्पा नर्स झाली, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात लागली. तिच्या लेकीला तेंदूचं पान कसं दिसतं हेसुद्धा माहीत नाही.

विहारात आम्ही रोज सरणं, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याची वचनं, म्हणतो. पूर्वी मला शरण या शब्दाचा राग यायचा, आमच्या लोकांनी काय कमी माना झुकवल्या होत्या? आता वाटतं, मला येत नाही एवढं म्हणता आलं की निम्मी शरणागती तिथेच होते. माझ्या तोंडून ते आपणहून निघालं नाही, निघेपर्यंत लोकांनी वाट पाहिली.

बाई निवृत्त झाल्याचं मला उशिरा कळलं. पत्ता काढून मी महालात त्यांच्या घरी गेले. केस सगळे पांढरे झाले होते. मी पुष्पाचं सगळं सांगितलं, ती हजेरी, तो शब्द, दारातून आलेलं हजर. बाई ऐकत होत्या, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. शेवटी त्यांनी संकोचाने विचारलं, "कोणती पुष्पा वं? अशा किती पोरींची नावं वहीत ठेवली मी. साऱ्या परत नाही आल्या. ज्या आल्या त्या आल्या."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. माझ्या आईपासून चालत आलेलं विड्यांचं जिणं माझ्या लेकीपाशी तुटलं, ते या बाईंच्या लेखी सकाळच्या पाच मिनिटांचं काम होतं. त्यांना ते आठवतही नव्हतं.

मी खाली वाकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाई एकदम मागे सरकल्या, मला खांद्याला धरून उठवायला लागल्या, म्हणाल्या, असं काय करता.

"करू द्या बाई," मी म्हटलं. "इतके वर्ष हा नमस्कार कोणाले करावा ते समजत नव्हतं."