चावीवाले दादा आणि माझा प्रबंध

सकाळी साडेपाचला भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपच्या रस्त्यावर एक माणूस वाकून उभा दिसायचा. कमरेएवढ्या लोखंडी चावीचं एक टोक जमिनीतल्या वॉल्व्हवर टेकवलेलं, दुसऱ्या टोकाला कान, डोळे मिटलेले. पाणी कसं चाललंय, कुठे गळतंय, हे ते ऐकायचे. एकदा त्यांनी ती चावी माझ्या कानाशी धरली. मी जाणकारासारखी मान डोलावली. "वा दादा, स्पष्ट ऐकू येतंय!"

"काही ऐकू येऊन नाही राहिलं जी," ते शांतपणे म्हणाले. "वॉल्व्ह बंद आहे."

आमची ओळख झाली ती अशी.

सगळी वस्ती त्यांना चावीवाले दादा म्हणायची. कारखान्याच्या पाणीपुरवठ्यातून ते निवृत्त झाले होते, पण कुठला वॉल्व्ह कुठे गाडलाय हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना कंत्राटावर ठेवून घेतलं होतं. वडील नागपूरजवळच्या काटोलहून भोपाळला आलेले. त्यामुळे बोलण्यात निम्मं नागपूर, निम्मं भोपाळ. अशी माणसं तुमच्याही वस्तीत असतील. आपण त्यांना रोज पाहतो आणि कधी बघत नाही.

मी त्यांना बघू लागलो तो स्वार्थापोटी. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी सस्टेनेबिलिटीत एम.ए. करायला घेतलं होतं. बायको म्हणाली, "या वयात लोक गुडघ्यांची काळजी घेतात, तुम्ही पृथ्वीची घ्यायला निघालात." शनिवार-रविवारी मी माझ्या मुलीपेक्षा लहान मुलांशेजारी बसायचो. प्राध्यापिकाबाई मला 'सर' म्हणायच्या आणि वर्गातला पंखा बंद पडला की सगळे माझ्याकडे बघायचे, मी इंजिनियर म्हणून. तो मला कधी दुरुस्त करता आला नाही.

प्रबंधाला विषय घेतला आमच्याच टाउनशिपचं पाणी. तीन महिने मी वही घेऊन दादांच्या मागे हिंडलो.

"हे सस्टेनेबिलिटी म्हणजे काय जी?" त्यांनी एकदा विचारलं.

मी पंधरा मिनिटं बोललो. पर्यावरण, समाज, अर्थकारण असे तीन स्तंभ सांगितले, बोटांनी हवेत वर्तुळं काढली.

"म्हणजे उद्या सकाळी पण पाणी पाहिजे, हेच ना?"

मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

तिसऱ्या महिन्यात मला घबाड सापडलं. टाउनशिपच्या मागच्या टोकाला रिकाम्या क्वार्टर्सची एक ओळ होती. माणसं निवृत्त होऊन कधीच निघून गेलेली, दारांना कुलपं. आणि तरीही त्या ओळीचा मीटर फिरत होता! मी त्यावर आख्खं प्रकरण लिहिलं, 'रिकाम्या घरांचा अनाकलनीय पाणीवापर'. प्राध्यापिकाबाई खूश झाल्या. हे पाणी जातं कुठे, हे दादांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. त्यांना काय विचारायचं? माझ्याकडे आकडे होते.

प्रबंधाला सोनेरी अक्षरांची बांधणी केली आणि हौसेनं एक प्रत टाउनशिपच्या कार्यालयात नेऊन दिली. माझ्या गळक्या छताचे अर्ज तिथे कुणी वर्षानुवर्षं वाचले नव्हते. ते प्रकरण मात्र आठवड्यात वाचलं गेलं.

दादांना बोलावून विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. त्या घरांच्या मागच्या अंगणांत झाडं होती, लिंबू, शेवगा, कढीपत्ता, दोन आंबे. लावणारे जाताना "दादा, जरा लक्ष ठेवा" असं सांगून गेले होते. म्हणून ते दर तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं ती लाइन उघडत होते.

लाइन बंद झाली. त्या महिन्यात दादांचं कंत्राट संपत होतं, ते पुन्हा झालं नाही.

मी स्कूटर काढून अशोका गार्डन वस्तीत त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, मुलगा-सून, बाहेर गल्लीत एक खाट. वाटेत पाठ केलेलं एक वाक्यही मला आठवेना.

"दादा, माझ्यामुळे झालं हे."

"तुम्ही खोटं लिहिलं काय?"

"नाही."

"मग?" त्यांनी मला खाटेवर बसवलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग गल्लीकडे बघत म्हणाले, "फक्त विचारलं असतं तर सांगितलं असतं जी. मी लपवून नव्हतो राहिलो. तीन महिने संगतीनं फिरलो आपण."

चहा तसाच ठेवून मी उठलो.

मौखिक परीक्षेत मी परीक्षकांना सांगितलं की रिकाम्या घरांवरच्या चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष चुकला आहे. ते म्हणाले, "आकडे तर बरोबर दिसतात." मी म्हणालो, "आकडे बरोबर आहेत. माणूस राहून गेला." त्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी खिडकीकडे. दुसऱ्या वर्गात पास झालो. दादांना परत घ्या, ती लाइन उघडा, असे कार्यालयात दोन अर्ज दिले, तेही माझ्या छताच्या अर्जांशेजारी जाऊन पडले.

मग त्या उन्हाळ्यात मी त्या अंगणांतल्या झाडांना बादल्या वाहिल्या. बायको आधी हसली, मग दुसरी बादली घेऊन आली. शेवगा गेला, एक आंबा गेला. लिंबू तगलं.

पहिली लिंबं पिशवीत घालून मी पुन्हा अशोका गार्डनला गेलो. फोन करून जायचा धीर झाला नव्हता. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"दादाजी? वो तो पिछले महीने काटोल चले गए, बेटी के पास. कह रहे थे, अब वहीं रहूँगा. बेटा-बहू काम पर गए हैं."

मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. "रख लीजिए. उन्हीं के पेड़ के हैं."

"कभी-कभी फ़ोन आता है उनका," त्या म्हणाल्या. "क्या बताऊँ, कौन आया था?"

साहेब म्हणावं, तर लाज वाटली. शेजारी मी नव्हतो, मित्र म्हणायचा हक्क मी घालवला होता.

"कहिएगा, एक स्टूडेंट आया था."

बाईंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. हसल्या मात्र नाहीत. पिशवी उचलून त्या आत गेल्या.