एलिसने गाडीघर उघडलं नाही

वेल्सच्या आमच्या डोंगरात नावाला धंदा चिकटवल्याशिवाय माणूस ओळखूच येत नाही. एलिस प्रोबर्ट आम्हाला मढेगाडीचा एलिस. चर्चच्या आवारात दगडी गाडीघर आहे. त्यात मढी न्यायची गावाची काळी गाडी, आणि किल्ली एलिसच्या कमरेला. माणूस बुटका, तोंडाचा फाटका. "रडायचं ते घरी रडून घ्या, माझा घोडा ताटकळतो," असं विधवेच्या तोंडावर बोलायचा. मला तर तो नजरेसमोर नकोसा व्हायचा.

गावात कुणी गेलं की एलिस गाडीघराची दारं सताड उघडी टाकायचा. ती दिसली की बायका खिडक्यांचे पडदे ओढायच्या, पाव भाजायला घ्यायच्या, पुरुष कोण गेलं ते विचारत यायचे. वेगळा सांगावा कुणी धाडत नसे.

त्याची बायको नेस्ता थंडीभर अंथरुणाला खिळली होती. दारं बंद, म्हणजे ती आहे, असं धरून मी रश्शाचं भांडं घेऊन त्यांच्या वरच्या शेतावर गेले. बघते तर नेस्ता शवपेटीत, आणि एलिस शेजारी बसलेला.

"परवा गेली, मैनीर," तो म्हणाला. "चिटपाखरू फिरकलं नाही. बरोबरच आहे म्हणा. मी कुणाशी धड बोललोय?"

"पुरायला कधी, कशी नेणार मग?"

"उद्या. तिनं बजावलं होतं, मला तुझ्या त्या खटाऱ्यात घालू नकोस, माणसांच्या खांद्यावर ने. आता माणसं कुठून आणू? घोडा जुंपतो. शब्द मोडायचा, दुसरं काय."

"दारं का नाही उघडलीस?"

"गाडी काढायचीच नव्हती. उघडू कशाला?"

मी कपाळाला हात लावला. "अरे येड्या, गावाला कळणार कसं? सगळे त्या दारांकडे बघत बसलेत."

जन्मभर तो त्या दारांच्या आत होता, बाहेर उभं राहून ती त्याने कधी बघितलीच नव्हती. त्याने किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी खाली जाऊन दारं उघडली. गाडी आतच ठेवली. जरा वेळाने माणसं चढाला लागली. सगळ्यांत आधी पोचला लोहार ह्यू. "शिव्या घालायला तरी बोलवायचंस," तो एलिसला म्हणाला आणि पेटीजवळ बसला.

नवऱ्याने खांदा द्यायची आमच्यात रीत नाही. तरी दुसऱ्या दिवशी एलिस पेटीच्या पुढच्या दांड्याखाली शिरला. बाकीचे उंच, त्यामुळे पेटी त्याच्या बाजूला कलली. त्याच्या जोडीला पुढे असलेल्या ह्यूने मागे बघून "जरा खाली" म्हटलं, आणि सगळे गुडघ्यात वाकून चालू लागले. वाटेत खांदे बदलले, एलिस मात्र बाजूला होईना. बदलीला येणारा प्रत्येक जण आधीच वाकून येत होता. मला रडू आवरलं नाही. चर्चपर्यंत ते तसेच वाकून उतरले.