फुकटचा वर्ग

वेस्ट मांबलममधल्या आमच्या घरापासून वाचनालय अगदी जवळ. तिथे दर शनिवारी संध्याकाळी बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई पैसे कसे राखावेत, कुठे ठेवावेत आणि कुठे मुळीच ठेवू नयेत, हे तमिळमध्ये शिकवतात. एक पैसा घेत नाहीत. बाबा गिंडीच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते, एकदा तरी जाऊन बसा म्हणून. पेन्शन नव्हतं, जो काय होता तो हातात आलेला फंड. त्यांनी नाक मुरडलं. फुकट शिकवणाऱ्याचा काहीतरी डाव असतो, म्हणाले.

अर्धा जन्म या शहरात काढून बाबांनी तमिळ फक्त भाजीवाल्यापुरतं ठेवलं होतं. मराठी कानावर पडलं की मात्र ते विरघळायचे. बसस्टॉपवर भेटलेल्या कुणाही मराठी माणसाला गाव विचारून थेट चहाला घरी आणायचे. मी त्यावरून त्यांची भरपूर थट्टा करायचे.

त्याच वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक गृहस्थ बचतीवर बोलायला आले. तेही फुकटच, पण मराठीत. आईला साताऱ्यात मावशीच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या होत्या, आणि बँकेच्या व्याजावर ते जमणारं नव्हतं. या गृहस्थांच्या हिशेबाने दोन वर्षांत सहज जमत होतं. बाबा सगळा फंड त्यांच्याकडे द्यायला निघाले. मी म्हटलं, आधी कागदपत्रं बघू. बाबा भडकले.

"आपला माणूस आहे. आपल्या माणसाकडे कसले कागद मागायचे?"

आई तर बांधाबांधीलाच लागली. एवढं धूड साताऱ्याला कोण नेणार, म्हणून इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर तिने खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामींना देऊन टाकला.

मग त्या गृहस्थांचा फोन बंद झाला. मंडळातल्या आणखीही काही घरांचे पैसे आमच्यासारखेच गेले. पोलिसांत तक्रार दिली, ती तिथेच पडून आहे. मला त्या माणसाचा राग येतो, आणि खरं सांगते, बाबांचा जास्त येतो. आता घर माझ्या पगारावर चालतं. आईने ग्राइंडर परत मागितला नाही. ती दुकानातून पिठाची पिशवी आणते, आणि खालून घरघर सुरू झाली की खिडकी लावून घेते.

हल्ली बाबा शनिवारी वाचनालयात जातात. कुणी सांगितलं नाही, आपणहून. परवा ऑफिसातून येताना मी दारातून डोकावले. ते पहिल्या रांगेत होते. बाई एकेकाला विचारत होत्या, महिन्याला किती बाजूला टाकता येईल? बाबांची पाळी आली. ते उठून उभे राहिले आणि स्वच्छ तमिळमध्ये म्हणाले,

"ओण्णुम इल्लै."

काहीच नाही. बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्याकडे वळल्या, तरी बाबा उभेच होते.